पर्याय झाकून उत्तर लिहा: सीईटीची तयारी लॉच्या पहिल्या वर्षाला कशी कामी आणायची

दरवर्षी निकाल लागले की साताऱ्यातले दोन-तीन पालक, संध्याकाळी मी कोर्टातून घरी आले की, मला गाठतात. फोनवर मुलाचा सीईटीचा (राज्याची लॉ प्रवेश परीक्षा) किंवा क्लॅटचा (राष्ट्रीय लॉ विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) स्कोअर उघडलेला असतो. प्रश्न ठरलेला: "मॅडम, एवढे मार्क पडलेत, म्हणजे लॉला चांगलंच करेल ना?" मी स्कोअर बघते, कौतुक करते, कारण त्यामागे वर्षभराचे कष्ट असतात. मग मुलाकडे वळून म्हणते, "तुझी सरावाची वही आण." मला जे सांगायचं असतं ते त्या वहीवरून सांगता येतं. वही नसेल, सगळा सराव मोबाइलवर बोट दाबून झाला असेल, तर पहिलं सेमिस्टर जड जाणार हे मी तिथेच सांगते. घाबरवायला नाही. मला हे कोणी वेळेत सांगितलं नव्हतं, म्हणून.

मी २०१७ साली पाच वर्षांच्या लॉला लागले. त्याआधीचं आख्खं वर्ष पुण्यात कॉट बेसिसवर राहून फक्त एंट्रन्स केली. एकाहत्तर मॉक दिल्या; प्रत्येकीचा स्कोअर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचे. हवं ते कॉलेज मिळालं, घरी पेढे वाटले. पहिल्या सेमिस्टरला कॉन्ट्रॅक्टच्या पेपरात शंभरपैकी ४१ पडले. मला वाटलं बेरीज चुकली असणार. पैसे भरून उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवली. बेरीज बरोबर होती.

त्यातलं एक पान मला अजून जसंच्या तसं आठवतं. प्रश्न होता, अल्पवयीन व्यक्तीने केलेल्या कराराचे कायदेशीर परिणाम निवाड्यांसह सांगा. सोळा मार्कांना. मी सात ओळी लिहिल्या होत्या: अल्पवयीन व्यक्तीचा करार मुळातूनच व्हॉइड, म्हणजे रद्दबातल, असतो, मोहोरीबीबी केसमध्ये तसं ठरलं आहे, म्हणून अंमलबजावणी होत नाही. संपलं. खाली लाल शाईत ४. माझं उत्तर चुकलेलं नव्हतं. बहुपर्यायी प्रश्नात मी 'ब' निवडला असता आणि पूर्ण मार्क मिळाले असते. सोळा मार्क उत्तराला नव्हतेच, उत्तरापर्यंत कसं पोहोचलो ते दाखवण्याला होते, आणि ती वाट मी एकाहत्तर मॉकमध्ये एकदाही कागदावर उतरवली नव्हती.

आधी आकडे बघू. या विषयावर सर्वात जास्त मोजमाप अमेरिकेत झालंय. तिथे एलसॅट ही लॉची प्रवेश परीक्षा १९४८ पासून चालू आहे आणि तिचे गुण पहिल्या वर्षाच्या ग्रेडशी किती जुळतात हे वर्षानुवर्षं तपासलं जातं. हा सहसंबंध (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) साधारण ०.४ च्या आसपास येतो. ०.४ चा वर्ग ०.१६. म्हणजे वर्गातल्या मुलांच्या ग्रेडमध्ये जो फरक दिसतो, त्यातला सहावा हिस्सा प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून उलगडतो, बाकीचा नाही. पदवीचे गुण सोबत धरले तर अंदाज सुधारतो. यात एक मेख आहे: एका कॉलेजात आलेली मुलं आधीच गाळून आलेली असतात. सगळेच ९५ ते ९८ पर्सेंटाइलचे असतील तर त्या तीन पर्सेंटाइलवरून पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ओळखता येणं अवघडच. त्यामुळे ०.४ हा आकडा दिसतो तितका किरकोळ नाही. पण मुलाचं भविष्य सांगावं इतका मोठाही नाही.

मला त्याहून उपयोगाची वाटते ती अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक विल्यम हेंडरसन यांनी २००४ मध्ये मांडलेली गोष्ट. त्यांनी बघितलं की एलसॅटचे गुण वर्गात घड्याळ लावून घेतलेल्या परीक्षेशी जास्त जुळतात, आणि घरी नेऊन लिहायच्या पेपरशी किंवा दीर्घ निबंधाशी कमी. म्हणजे प्रवेश परीक्षा जे मोजते त्यात वेगाचा मोठा वाटा आहे. तुमच्या पेपरात वेग जिथे लागेल तिथे तो कामी येईल. प्रोजेक्टमध्ये, मूटच्या (सरावाच्या खटल्याच्या) मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, ड्राफ्टिंगमध्ये दुसरंच काहीतरी लागेल.

आणि हे सगळं झालं गुणांबद्दल. तयारीचे तास ही आणखी वेगळी गोष्ट. बाजाराच्या दिवशी बोकडाला भरपूर पाणी पाजून काट्यावर चढवलं की काटा वाढीव वजन दाखवतो, आणि ते खरंच दाखवतो, पण ते मांस नसतं. तयारीतही काही पाणी असतं, काही मांस. एखाद्या क्लासची प्रश्न घालायची पद्धत ओळखणं, 'नेहमी' आणि 'फक्त' असे शब्द असलेला पर्याय आधी काढून टाकणं, हे पाणी. दाट उतारा वाचून त्यातला नेमका मुद्दा पकडणं, नियम एका बाजूला आणि घटना एका बाजूला ठेवून त्या जुळतात का बघणं, हे मांस. बर्कलेच्या मेंदू-संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं होतं की एलसॅटची तीन महिने जोरात तयारी केलेल्या मुलांच्या मेंदूतल्या जोडणीच्या तंतूंमध्ये मोजता येईल असा बदल होतो. म्हणून तयारी वाया जाते असं मी कधीच म्हणणार नाही. तिच्यात मांसाचा वाटा कसा वाढवायचा, एवढंच शिकायचं आहे.

तयारी चालू असेल तर

माझ्याकडे शनिवारी येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी जुन्या लग्नपत्रिकेचा एक जाड तुकडा देते, हाताच्या पंजाएवढा. लीगल रीझनिंगचा (दिलेला नियम घटनेला लावून बघायचा) प्रश्न आला की चारही पर्याय त्याखाली झाकायचे. उतारा आणि प्रश्न वाचायचा आणि वहीत तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत वाद नक्की कशावर आहे. दुसरीत नियम काय सांगतो आणि त्याच्या अटी किती. तिसरीत या घटनेत कुठली अट बसते, कुठली बसत नाही, म्हणून काय. मग पत्रिका उचलायची आणि आपलं उत्तर कुठल्या पर्यायात बसतं ते बघायचं. कुठल्याच पर्यायात बसलं नाही तर आनंद माना, कारण शिकण्यासारखं काहीतरी हाती लागलंय.

दिवसाला दहाच प्रश्न असे करा. साधारण अर्धा-पाऊण तास जातो. पहिले दोन आठवडे चिडचिड होते, स्कोअरही घसरतो, मुलं मला सांगतात, "ताई, याने वेग जातोय." जातो, खरंय. म्हणून हे मॉकमध्ये करायचं नाही, आणि परीक्षेच्या आधीच्या महिन्यात बंद करून निव्वळ वेगावर यायचं. क्लॅटला १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, चुकीला पाव मार्क कापतात; तिथे तीन ओळी लिहायला सवड नाही. राज्याच्या सीईटीला चुकीचे मार्क कापत नाहीत, तिथे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पण वहीत दोन-तीन महिने लिहिलेल्या त्या तीन ओळी हातात मुरतात, आणि लॉच्या पेपरात त्याच तीन पानं होतात.

यापुढची पायरी फार थोडी मुलं करतात. उत्तर लिहून झालं की एक फॅक्ट बदला.

उदाहरण घेऊ. नियम: अल्पवयीन व्यक्तीशी केलेला करार मुळातूनच व्हॉइड असतो. घटना: सतरा वर्षांच्या मुलाने वय अठरा सांगून हप्त्यावर मोटारसायकल घेतली, दोन हप्ते भरून पुढचे थांबवले. विक्रेत्याला पैसे वसूल करता येतील का? सीईटीत उत्तर सरळ आहे: नाही, कारण करारच नाही. आणि प्रवेश परीक्षेत शिस्तच अशी असते की दिलेल्या नियमाबाहेर जायचं नाही, बाहेरचं कायद्याचं ज्ञान वापरायचं नाही. ती परीक्षेपुरती योग्य शिस्त आहे, कारण समोरच्या मुलाने कायदा शिकलेला नसतो. पण वर्षभर ती अंगी बाणवली की मन तिथेच थांबायला शिकतं. लॉ कॉलेजात मार्क सुरू होतात ते दिलेल्या नियमाच्या बाहेर पाऊल टाकल्यावर.

म्हणून फॅक्ट बदला. विक्रेत्याला मुलाचं खरं वय ठाऊक होतं तर? ठाऊक नव्हतं तर? मोटारसायकल अजून मुलाच्या दारात उभी आहे, ती तरी परत मिळेल का? मोटारसायकलऐवजी मुलाने कॉलेजची पुस्तकं आणि मेसचं जेवण उधारीवर घेतलं असतं तर? तयारीच्या काळात उत्तरं शोधायची गरज नाही, प्रश्न वहीत नोंदवून ठेवा. पहिल्या सेमिस्टरला हेच प्रश्न करार कायद्याचं कलम ६५, कलम ६८ आणि मोहोरीबीबीच्या रूपाने समोर येतात आणि तुम्हाला ते ओळखीचे वाटतात.

मोहोरीबीबी नीट वाचली तेव्हा मला कळलं की माझ्या सात ओळींत काय नव्हतं. धरमोदास घोष या अल्पवयीन मुलाने घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज काढलं. व्यवहार करणाऱ्या सावकाराच्या माणसाला मुलगा अल्पवयीन असल्याचं माहीत होतं. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटच्या अपिलाचं न्यायालय) करार व्हॉइड ठरवला, पण एवढंच नाही केलं. सावकार म्हणत होता, निदान दिलेले पैसे तरी कलम ६५ खाली परत द्या. कौन्सिलने सांगितलं, ते कलम करार करायला सक्षम असलेल्या दोघांमधल्या व्यवहारासाठी आहे. सावकार म्हणत होता, मुलाने वय खोटं सांगितलं, आता त्याला उलटता येणार नाही. कौन्सिलने सांगितलं, खरं काय ते तुमच्या माणसाला माहीत होतं, मग फसलं कोण? पुढे १९२८ मध्ये लाहोर हायकोर्टाने खान गुल केसमध्ये वेगळी वाट धरली आणि खोटं वय सांगणाऱ्याकडून पैसे परत देववले. १९३७ मध्ये अलाहाबादने ती वाट नाकारली. हा ताण, ही ओढाताण म्हणजे सोळा मार्कांचं उत्तर. "व्हॉइड असतो" हे त्यातलं पहिलं वाक्य.

चालू घडामोडींचंही तसंच. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने निवडणूक रोखे रद्द केले. पाच न्यायाधीशांचं घटनापीठ, एकमताने. एंट्रन्सला तारीख आणि पीठ पुरतं. तुम्ही तारखेखाली अजून एक ओळ लिहा: का रद्द केले? मतदाराचा माहितीचा अधिकार, घटनेचं कलम १९(१)(अ). रोज एकाच बातमीला ही 'का' ची ओळ जोडली तरी घटनेच्या पेपराची निम्मी भीती जाते. गणित आणि बैठक-मांडणीची कोडी यांच्यासाठी मी वेगळं काही सांगत नाही, तेवढ्यापुरती करा. एलसॅटनेसुद्धा ऑगस्ट २०२४ पासून कोड्यांचा विभाग काढून टाकलाय.

प्रवेश झाला असेल तर

पहिल्या आठवड्यात बेअर ॲक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर, विकत घ्या. गाइड नंतर. आणि आवृत्ती तपासून घ्या: १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, खुनाचं ३०२ आता १०३ झालंय, चोरीचं ३७८ आता ३०३. वरच्या वर्गातल्या मुलांच्या नोट्स जुन्या कलमांच्या असतील. तत्त्वं बहुतेक तीच आहेत, निवाडेही चालतात, पण पेपरात कलम चुकवू नका.

कलम मोठ्याने वाचा. 'आणि' ला गोल करा, 'किंवा' ला चौकोन, 'परंतु' च्या खाली दोन रेघा. हे एंट्रन्सला उतारा वाचण्यासारखंच आहे, आणि इथे तुमची तयारी खरंच इतरांच्या पुढे असते. माझ्या वर्गात मी कलम सगळ्यांत लवकर समजून घ्यायचे आणि मार्क मात्र कमी पडायचे, कारण समजलं की पान उलटायचे. समजलं की पेन उचलायचं, ही सवय मला दुसऱ्या सेमिस्टरला लागली.

आता हाताचं. हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. वर्षभर माउस आणि मोबाइलवर परीक्षा दिलेला हात तीन तास लिहू शकत नाही. दुसऱ्या तासाला अंगठ्याच्या मुळाशी कळ येते, अक्षर फिसकटतं, आणि शेवटचे दोन प्रश्न, जे कदाचित सर्वात चांगले येत असतात, ते दीड पानात उरकले जातात. माझ्या त्या उत्तरपत्रिकेत पहिल्या आणि शेवटच्या पानावरचं अक्षर एकाच मुलीचं वाटत नव्हतं. उपाय साधा आहे. ऑगस्टपासून रोज एक उत्तर, पंचवीस मिनिटं, अलार्म लावून, न थांबता, रेघांच्या फुलस्केपवर. विषय त्या दिवशी वर्गात जे झालं तो. आधी मुद्दा काय, मग कलम, मग एक निवाडा त्याच्या फॅक्ट्ससकट, मग त्याच्या विरुद्ध जाणारं काही असेल तर ते, मग तुमचं मत. दिवाळीपर्यंत तीन पानं सहज होतात.

मराठी माध्यमातून आलात तर कॉलेजमध्ये पहिल्याच दिवशी विचारा, पेपर मराठीतून लिहिता येतो का. पुष्कळ ठिकाणी येतो. एकदा ठरवलं की नोट्सही त्याच भाषेत काढा. वर्गात इंग्रजी, घरी मराठी, पेपरात अर्धं-अर्धं, यात मी खूप हुशार मुलांना एटीकेटीत अडकलेलं बघितलंय आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण त्यांना विषय येत असतो.

निवाडा वाचताना अख्खा छापून आणा, सारांश नको. पहिल्यांदा एका निवाड्याला तीन तास लागतील. लागू द्या. वहीच्या एका पानावर चार गोष्टी: काय घडलं, कोर्टापुढे प्रश्न काय होता, काय ठरवलं, आणि कशामुळे ठरवलं. चौथी गोष्ट स्वतःच्या शब्दांत लिहिता आली नाही तर निवाडा वाचून झालेला नाही. आठवड्याला एक धरला तरी सेमिस्टरला पंधरा होतात.

ड्रॉप घेतलेल्या मुलांना एक वेगळं सांगणं. वर्षभर एकट्याने अभ्यास केल्यामुळे लेक्चरला बसणं म्हणजे वेळ घालवणं असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. बार कौन्सिलच्या नियमांनी प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागतेच, पण हजेरीसाठी बसू नका. सर एखादा मुद्दा दोनदा सांगतात, फळ्यावर एखाद्या निवाड्याखाली रेघ मारतात, 'या ठिकाणी मुलं चुकतात' म्हणतात. एंट्रन्सच्या क्लासमध्ये याला ट्रिक म्हणायचे, इथे त्याला विषय कळणं म्हणतात. इंटर्नलचे पेपर परत मिळाले की मार्क बघून बॅगेत टाकू नका. सरांना विचारा, "सर, अजून दोन मार्क कशाला दिले असते?" नेमका हाच प्रश्न विचारा. "मार्क का कापले" विचारलं की माणूस बचावात जातो. "कशाला दिले असते" विचारलं की शिकवायला लागतो.

पर्यायांचं कौशल्य मोडीत काढू नका. पदवीनंतर वकिलीसाठीची बार परीक्षा आहे, तिथे शंभर बहुपर्यायी प्रश्न. न्यायाधीशपदाची पूर्वपरीक्षाही बहुपर्यायी. पण त्याच न्यायाधीशपदाची मुख्य परीक्षा लेखी असते, आणि तिथे पुन्हा तेच: कागद, पेन, तीन तास.

पालकांना मी एवढंच सुचवते की पहिल्या सेमिस्टरचा निकाल एंट्रन्सच्या निकालाशेजारी ठेवून मुलाला काही विचारू नका. ती दोन वेगवेगळ्या गोष्टींची मापं आहेत. विचारायचंच तर एक उत्तर वाचून दाखवायला सांगा. कायदा न शिकलेल्या आईला ते ऐकून भांडण कशाचं होतं आणि कोर्टाने काय विचार केला हे समजलं, तर उत्तर चांगलं आहे. माझी आई अंगणवाडीत होती. दुसऱ्या सेमिस्टरला मी तिला रात्री टॉर्टची (नुकसानभरपाईच्या दाव्यांचा कायदा) उत्तरं वाचून दाखवायचे. बाटलीतल्या गोगलगाईची ती १९३२ ची केस (मैत्रिणीने घेऊन दिलेल्या बाटलीत गोगलगाय निघाली आणि पिणाऱ्या बाईने कंपनीवर दावा केला) ऐकून आईने विचारलं, "अगं, पण बाटली तर मैत्रिणीने विकत घेतली होती, मग हिचा कंपनीशी काय संबंध?" संपूर्ण निवाडा याच प्रश्नावर उभा आहे. मी तो प्रश्न तसाच्या तसा उत्तराच्या सुरुवातीला लिहिला.

लग्नपत्रिकांचा गठ्ठा माझ्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. साताऱ्यात असाल तर शनिवारी पाचनंतर या, येताना वही आणा.